लुटीतली देवी, रामपूरचा सूर

१७४३-४४ साली रोहिल्यांची फौज तराईचं जंगल ओलांडून कुमाऊंच्या डोंगरांत शिरली. अलीमुहम्मद खान हा रोहिलखंडाचा सरदार. कुमाऊंच्या राजाशी त्याचं वैर जुनं होतं. चंद घराण्यातल्या कल्याणचंदानं गादी सुरक्षित राहावी म्हणून भाऊबंदांच्या जिवावर उठण्याचं सत्र आरंभलं होतं. त्यातून निसटलेला हिम्मतसिंह रौतेला अलीमुहम्मदाच्या आश्रयाला गेला, तर कल्याणचंदानं तिथं मारेकरी पाठवून त्याचा काटा काढला. आश्रिताचा खून हा यजमानाचा अपमान. तो धुऊन काढायला हाफिज रहमत खानासारखे नामांकित सरदार फौज घेऊन डोंगर चढले. राजा गढवालच्या हद्दीकडे पळाला आणि राजधानी अल्मोडा रोहिल्यांच्या हाती पडली. देवळं लुटली गेली, सोन्याचांदीच्या मूर्ती वितळवल्या गेल्या, दगडी मूर्तींची नाकं फोडली गेली, राजदप्तरातले कागद जळाले. डोंगरातली हवा फौजेला मानवेना, तेव्हा गढवालच्या प्रदीपशाहानं मध्यस्थी केली आणि तीन लाख रुपये मोजल्यावर रोहिले खाली उतरले.

अलीमुहम्मदाचा मुलगा फैजुल्ला खान. त्यानं १७७४ मध्ये रामपूरचं संस्थान उभं केलं. पुढे हे रामपूर हिंदुस्थानी संगीताचं मोठं ठाणं झालं. आणि अल्मोड्यातले जाणकार आजही सांगतात, की आमच्या होळीच्या बैठकीला रागदारीचं वळण लावलं ते रामपूरहून आलेल्या उस्ताद अमानत हुसैन यांनी. म्हणजे ज्या घराण्याच्या फौजेनं शहरातल्या मूर्तींची नाकं फोडली, त्याच घराण्याच्या दरबारी गावातला गवई शंभरेक वर्षांनी त्याच शहरात आला, आणि त्यानं शिकवलेल्या चालीत तिथले लोक कृष्णाची होळी गाऊ लागले.

अल्मोड्याच्या सणांचा इतिहास वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. इथं जे बाहेरून आलं, त्यातलं बरंचसं वैराच्या, सत्तेच्या किंवा पोटापाण्याच्या वाटेनं आलं. शहरानं ते घरात घेतलं, त्याला नातं दिलं, आणि दोन पिढ्यांत ते असं मुरलं की ते परकं होतं हे सांगायला इतिहासाची पानं उलटावी लागतात.

बाजबहादूराचं शहर

कोसी आणि सुयाल या दोन नद्यांच्या मधल्या डोंगरधारेवर, सुमारे सोळाशे मीटर उंचीवर अल्मोडा वसलं आहे. चंद राजांची जुनी राजधानी चंपावत राज्याच्या एका कडेला होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी ती इथं आणली. राजा आला तसे त्याच्या मागोमाग पंत, जोशी, पांडे ही ब्राह्मण घराणी आली, शाह सावकार आले, तांब्याची भांडी घडवणारे टम्टा आले. धारेच्या माथ्यावरून जाणाऱ्या लांबट बाजारपेठेत पाटालीची, म्हणजे पातळ दगडी फरशीची वाट झाली. लाला बाजार, जौहरी बाजार, कारखाना बाजार, थाना बाजार ही नावं एकापुढे एक लागतात आणि त्यांतूनच या शहरात कोण कशासाठी आलं ते कळतं.

१६३८ ते १६७८ असं चाळीस वर्षं राज्य केलेल्या बाजबहादूरचंदानं शहराला नवं वळण दिलं. मूळ नाव बाज; ‘बहादूर’ हा किताब त्याला शाहजहानच्या दरबारातून मिळाला. गढवालवरच्या मोगली मोहिमेत त्यानं मदत केली, त्याच्या बदल्यात हा मान आला आणि त्याच्यासोबत नगारा वाजवण्याचा हक्कही आला. दिल्लीचा थाट पाहून परतलेल्या राजाला आपल्या डोंगरी दरबारातही तो हवासा वाटला. म्हणून नगारची, चोबदार, बहुरूपी, हलवाई अशी मंडळी मैदानातून आणवली गेली. त्यांत मुसलमान कारागीर आणि वाजंत्री होते. देवाच्या आणि राजाच्या मिरवणुकीपुढे नगारा घुमू लागला तो असा. पुढच्या काळात डोंगरातल्या कुठल्याही जत्रेची नगाऱ्यावाचून कल्पनाच करता येईना.

याच बाजबहादूरानं आणखी एक गोष्ट अल्मोड्यात आणली, आणि ती मात्र कुणी भेट म्हणून दिलेली नव्हती.

वैऱ्याची कुलदेवता

गढवाल आणि कुमाऊं ही शेजारची राज्यं, आणि शेजाऱ्यांसारखीच कायमची भांडणारी. सीमेवरच्या बधाण परगण्यातल्या जुनागढ किल्ल्यावर बाजबहादूरानं स्वारी केली आणि विजयाची खूण म्हणून तिथली नंदादेवीची मूर्ती उचलून आणली. अल्मोड्याच्या मल्ला महालात, म्हणजे राजवाड्याच्या आवारातच, तिची स्थापना झाली. शत्रूचं दैवत पळवून आणणं ही त्या काळातली राजनीती होती. त्यानंतर जे घडलं ते मात्र राजनीतीच्या हिशेबात बसणारं नव्हतं. लुटीत आलेली ही देवी चंद राजांची कुलदेवता झाली आणि प्रजेची लेक झाली.

नंदेला डोंगरातले लोक लेकच मानतात. हिमालय हे तिचं माहेर, कैलास हे सासर. भाद्रपदात ती माहेरी येते, चार दिवस कोडकौतुक करून घेते आणि परत जाते. तिला निरोप देताना बायका रडतात ते खरंखुरं रडणं असतं, कारण डोंगरातल्या प्रत्येक सासुरवाशिणीनं तो चढ स्वतः चढलेला असतो.

भाद्रपद शुद्ध अष्टमी हा अल्मोड्याच्या नंदादेवी मेळ्याचा मुख्य दिवस. त्याआधी केळीचे खांब निवडण्याचा विधी होतो. लाल-पांढरी निशाणं घेऊन, वाजतगाजत लोक केळीच्या बागेपाशी जातात. पूजा होते आणि पुजारी मंत्र म्हणून केळींवर अक्षता आणि फुलं टाकतो. मग सगळे श्वास रोखून पाहत राहतात. जो खांब आधी हलेल त्यातून नंदा घडवायची, नंतर हलेल त्यातून सुनंदा, आणि तिसऱ्यातून मूर्तींचे हातपाय. खांब कापून आणले की रात्री मूर्ती घडवायला बसतात. केळीच्या सोपटाला कापड चढतं, त्यावर चेहरा रंगतो, नथ येते, पिछोड्याची ओढणी येते. चंद घराण्याचे वंशज आजही पूजेला असतात. मेळ्यात छोलिया नर्तक ढाल-तलवार घेऊन नाचतात, हातात हात गुंफून झोडा फेर धरतो, आणि अखेरीस दोन्ही बहिणींची डोली बाजारपेठेतून विसर्जनाला निघते.

मराठी माणसाला इथं काहीही समजावून सांगावं लागत नाही. याच दिवसांच्या आसपास आपल्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी माहेरी आलेल्या असतात. तिथंही बहिणी दोन, मुक्काम मोजक्या दिवसांचा, आणि पाठवणीच्या वेळी घर तसंच सुनं होतं. देशाच्या दोन टोकांना एकाच पंधरवड्यात लेक माहेरी येते, हे पंचांगात दिसतं तेव्हा मन भरून येतं.

राज्यं बदलली तरी देवीचा मान राहिला. १७९० मध्ये गुरख्यांनी कुमाऊं जिंकलं आणि चंदांचं राज्य संपलं. पंचवीस वर्षांनी, २७ एप्रिल १८१५ रोजी, गुरखा सुभेदार बमशाहानं अल्मोड्यात इंग्रजांशी करार करून प्रदेश सोडला. इंग्रज कमिशनर ट्रेलच्या काळात मल्ला महालात सरकारी कचेरी बसली आणि देवीला तिथून हलवून खालच्या देवळांच्या आवारात ठेवण्यात आलं. ते तिचं आजचं ठाणं. पुढे १८३० मध्ये ट्रेल नंदादेवी शिखराच्या मुलखातली अवघड खिंड ओलांडायला गेला, तेव्हा बर्फाच्या झगझगाटानं त्याची दृष्टी गेली असं सांगतात. देवीचा कोप झाला, आणि अल्मोड्यात येऊन तिच्यापुढे भेट ठेवली तेव्हाच साहेबाला दिसू लागलं, ही कथा लोकांनी लगोलग जोडून दिली. कथा खरी असो नसो, नव्या सत्ताधीशालाही आपल्या देवीच्या नात्यात ओढून घ्यायची ही शहराची रीत होती.

सगळीच वैरं अशी विरघळली असं मात्र नाही. आश्विन संक्रांतीला, सप्टेंबरच्या मध्याला, कुमाऊंत खतडुवा पेटवतात. गवताचा पुतळा जाळायचा, गोठ्यात मशाल फिरवायची, काकड्या फोडून वाटायच्या. हा मुळात गुराढोरांचा, थंडीच्या चाहुलीचा सण. पण त्यालाही एका गढवाली सरदारावरच्या विजयाची गोष्ट चिकटली आणि शेजाऱ्यांना डिवचण्याचं निमित्त झालं. त्या गोष्टीतला सरदार इतिहासात सापडत नाही, असं कुमाऊंतल्याच अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. नंदादेवीच्या बाबतीत मात्र वर्तुळ खरोखर पुरं झालं. गढवालात नंदेची राजजात, म्हणजे तिला सासरी पोचवण्याची मोठी पदयात्रा, निघते. २०१४च्या राजजातेत नंदकेसरीला कुमाऊंच्या डोल्या येऊन मिळाल्या. त्यांत अल्मोड्याची नंदाही होती. जी देवी एकेकाळी तलवारीच्या बळावर नेली, ती आपल्या पायांनी बहिणींना भेटायला आली.

पौषातली होळी

रोहिल्यांकडे परत वळू. १७४४ मध्ये शत्रू असलेले रोहिले आणि कुमाऊंचे राजे पुढच्या दीड दशकात इतके जवळ आले, की १७६१ मध्ये पानिपतावर कुमाऊंच्या राजानं हाफिज रहमत खानाच्या मदतीला आपली तुकडी पाठवली. मराठ्यांसमोर त्या दिवशी जी फौज उभी होती तिच्यात अल्मोड्याकडचे डोंगरी शिपाईही होते, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कुणाला ठाऊक असते. ज्यानं शहर लुटलं त्याच सरदाराच्या बाजूनं ते लढले. राजकारणात असा मेळ जुळतो आणि मोडतोही. संगीतात जुळलेला मेळ टिकला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अल्मोडा हे इंग्रजी अमलातलं जिल्ह्याचं ठिकाण होतं. कचेऱ्या, कारकून, वकील, शाळा, छावणी. शिकलेल्या, पगारदार लोकांच्या हाती संध्याकाळचा वेळ होता आणि मैदानातल्या शहरांशी त्यांचं येणंजाणं होतं. व्रजभाषेतली होळीची पदं चंद राजांच्या काळापासूनच डोंगरात गायली जात. त्यांना आता ठुमरीचा आणि धमाराचा साज चढला, आणि त्यामागचं ठळक नाव म्हणजे अमानत हुसैन.

ही बैठकी होळी. आपल्याकडे होळी दोन दिवसांत आटोपते. अल्मोड्यात ती पौषाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत, रंगाचा पत्ता नसताना. वसंत पंचमीपर्यंत भक्तीची, निर्वाणाची पदं गायची. वसंत पंचमीपासून शिवरात्रीपर्यंत शृंगार. शिवरात्रीनंतर रंग, थट्टा, छेडछाड, ती थेट धुळवडीपर्यंत. ऋतू जसा उबदार होत जातो तसा गाण्याचा स्वभाव बदलत जातो.

बैठक कुणाच्या तरी घरी भरते. खोलीत सतरंजी, मधे हार्मोनियम आणि तबला, एका थाळीत गूळ, बडीशेप आणि सुपारी. येणाऱ्याच्या कपाळाला अबीर लागतो. धमारानं सुरुवात होते आणि मग वेळेप्रमाणे राग पालटतात: काफी, जंगला काफी, खमाज, झिंझोटी, बिहाग, जैजैवंती, रात्र सरताना परज, आणि शेवटी भैरवी. मधेच आल्याचा चहा येतो, जिरं-मिरचीची फोडणी दिलेले आलूचे गुटके येतात. गाणाऱ्यांना होल्यार म्हणतात. त्यांतले बहुतेक हौशी. कुणी मास्तर, कुणी दुकानदार, कुणी निवृत्त कारकून.

या बैठकीचा प्राण ‘भाग लगाना’ या रिवाजात आहे. एकानं ओळ उचलली, अस्ताई मांडली, की समोर बसलेला कुणीही तीच ओळ आपल्या गळ्यातून पुढे नेतो. त्याचं झालं की तिसरा घेतो. एखाद्याचा आवाज फुटका असला तरी त्याला थांबवत नाहीत. ओळ फिरत फिरत पुन्हा मुख्य गायकाकडे येते आणि तबला लग्गी धरतो. गाणारा आणि ऐकणारा अशी रेघ इथं आखलेली नसते. रामपूरच्या उस्तादाची विद्या शागिर्दांच्या एका घराण्यात बंद राहिली असती तर ती त्यांच्याबरोबरच संपली असती. ती शंभर घरांच्या सतरंज्यांवर सांडली, म्हणून टिकली.

पदं बहुतेक व्रजभाषेतली, जी अल्मोड्यात कुणाच्याही घरात बोलली जात नाही. त्यांत बहादूरशहा जफर यांची होळी आहे. गुमानी पंत यांच्यापासून गौर्दा यांच्यापर्यंत कुमाऊंच्या कवींच्या रचना आहेत. गौर्दांनी तर स्वातंत्र्यचळवळीच्या काळात होळीच्या चालीत देशाची गोष्ट घातली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरीश तिवारी ‘गिर्दा’ यांनी जंगलांच्या आणि उत्तराखंड राज्याच्या आंदोलनात तोच मार्ग धरला. बायकांच्या बैठका वेगळ्या भरतात. त्यांत गाण्याबरोबर स्वांगं असतात, आणि सासरा, नवरा, साहेब यांच्या नकला करताना एरवी पदर सावरून बसणाऱ्या बायका घर डोक्यावर घेतात. खेड्यांत एकादशीपासून खडी होळी उभी राहते. ढोलाच्या ठेक्यावर गोल धरून पावलं टाकत घराघरांत जायचं आणि निघताना त्या घराला दीर्घायुष्याचा आशीर्वाद द्यायचा.

डेप्युटी कलेक्टरांची रामलीला

१८६० मध्ये अल्मोड्याच्या बद्रेश्वर मंदिरात रामलीला झाली. ती उभी करणारे देवीदत्त जोशी हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. बंडाला तीन वर्षं झालेली, मैदानात अजून दहशतीचं सावट, आणि या डोंगरी शहरात एक अधिकारी पोरांना गोळा करून त्यांच्याकडून रामकथा गाऊन घेत होता.

गाऊन हा शब्द इथं शब्दशः घ्यायचा. कुमाऊंची रामलीला पूर्ण गेय आहे. राम असो की रावण, जो तो आपलं म्हणणं रागात मांडतो. दोहा-चौपाई तुलसीदासांच्या मानसातली, पण तिच्या जोडीला ठुमरी, गझल, राधेश्यामी तर्ज. कधी बिहाग, कधी जैजैवंती, कधी पिलू. ताल दादरा, रूपक, दीपचंदी. पारशी नाटक कंपन्यांचा प्रवास १८५३ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे त्या उत्तर हिंदुस्थानभर फिरल्या आणि त्यांच्या चाली, पडदे, वेशभूषा यांची छाप अल्मोड्याच्या रामलीलेवरही पडली. ज्या कंपन्यांनी आपल्या संगीत रंगभूमीच्या घडणीच्या काळात मुंबई गाजवली, त्यांचाच एक धागा हिमालयातल्या मंदिराच्या अंगणात पोचला होता.

श्रावण-भाद्रपदात तालमी सुरू होतात. वस्तीतल्या एखाद्या खोलीत संध्याकाळी पोरं जमतात, हार्मोनियमवाले मास्तर एकेकाचा स्वर लावून घेतात, आणि दोन महिन्यांत दहा-बारा वर्षांचा मुलगा लक्ष्मणाचा राग खमाजमध्ये व्यक्त करायला शिकतो. विजेच्या आधी मशालींच्या आणि कंदिलांच्या उजेडात प्रयोग व्हायचे. अल्मोड्याहून ही रीत नैनिताल, बागेश्वर, पिथोरागढ अशी पसरली आणि नोकरीसाठी बाहेर पडलेल्या कुमाऊंच्या लोकांनी ती लखनौ आणि दिल्लीतही नेली. लहानपणी रामलीलेत गायलेला मुलगा मोठेपणी होळीच्या बैठकीत भाग घेतो. एक सण दुसऱ्या सणाची शाळा चालवतो.

सिमतोल्याचा डोंगर

१९३८-३९च्या सुमारास उदय शंकर अल्मोड्याजवळच्या सिमतोल्याला आले आणि त्यांनी तिथं कलाकेंद्र काढलं. युरोप-अमेरिका गाजवलेला हा नर्तक हिमालयासमोर आपली शाळा मांडू पाहत होता. शिकवायला आले ते देशाच्या चारी दिशांनी: कथकलीचे शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमचे कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीचे अमुबी सिंग आणि संगीताला मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खान. उदय शंकरांच्या संगीताची धुरा विष्णुदास शिराली यांच्याकडे होती. हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पुढे ‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. शिकायला आलेल्यांत गुरुदत्त नावाचा पोरगा होता. केंद्र बंद पडल्यावर १९४४ मध्ये तो पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत गेला. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

१५ मे १९४१ रोजी अल्मोड्यात रविशंकर आणि बाबांची कन्या अन्नपूर्णा यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी केंद्रातल्या शिक्षिका जोहरा आणि त्यांचा विद्यार्थी कामेश्वर सहगल यांचंही लग्न झालं. जोहरा मुमताजुल्ला खान या रामपूरच्या रोहिला पठाण घराण्यातल्या. दोनशे वर्षांपूर्वी रोहिले याच डोंगरावर तलवार घेऊन चढले होते. आता त्या घराण्याची मुलगी इथं नृत्य शिकवत होती.

उदय शंकरांनी स्थानिक रामलीला पाहिली आणि १९४१ मध्ये छायानाट्याच्या रूपात स्वतःची रामलीला केली. उघड्यावर मोठा पांढरा पडदा, मागे दिवे आणि नर्तक, समोर डोंगरउतारावर बसलेले हजारो गावकरी. पडद्यावर फक्त सावल्या. हे केंद्र पैशाअभावी आणि युद्धाच्या ओढाताणीत फार टिकलं नाही. पण त्या प्रयोगांनी अल्मोड्याच्या रामलीलेला प्रकाशाची आणि हालचालीची नवी नजर दिली, असं तिथले जुने रंगकर्मी मानत आले आहेत.

सतरंजीच्या बाहेर

या सगळ्या मेळाचं कौतुक करताना एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. शहराच्या सतरंजीवर सगळ्यांना जागा नव्हती. नंदेच्या डोलीपुढे ढोल आणि नगारा ज्यांनी वाजवला, ज्यांच्या तोंडी देवतांच्या गाथा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिल्या, ते बहुतांशी दलित समाजातले होते, आणि देवळाच्या पायऱ्यांपर्यंतच त्यांची धाव होती. बैठकी होळी ही मुख्यतः ब्राह्मण आणि शाह घराण्यांच्या दिवाणखान्यांत वाढली.

या अन्यायाला आवाज दिला तोही अल्मोड्यातूनच. तांब्याचं काम करणाऱ्या टम्टा घराण्यातले हरिप्रसाद टम्टा यांना १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणानिमित्त शहरात भरलेल्या दरबारात जातीवरून अपमान सोसावा लागला. त्यानंतर त्यांनी आयुष्य या कामाला वाहिलं. शाळा काढल्या, सभा घेतल्या आणि तुच्छतेनं मारल्या जाणाऱ्या हाकांच्या जागी ‘शिल्पकार’ ही ओळख सरकारदरबारी मान्य करून घेतली. भांडी घडवणारे, मूर्ती घडवणारे, वाद्यं मढवणारे आणि वाजवणारे हात हेच या शहराच्या सणांचा पाया आहेत, हे त्या एका नावानं ठणकावून सांगितलं.

गल्लीगल्लीचे राक्षस

दसऱ्याला अल्मोड्यात फक्त रावण जळत नाही. एकेका वस्तीनं एकेक राक्षस वाटून घेतलेला असतो. कुंभकर्ण, मेघनाद, अहिरावण, ताडका, मकराक्ष, खर-दूषण, अतिकाय, देवांतक, नरांतक. पूर्वी एकटा रावण असायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्त्यावस्त्यांची चढाओढ लागली आणि लंकेचं सगळं कुटुंबच रस्त्यावर आलं. आता पुतळ्यांची संख्या दोन डझनांच्या घरात जाते.

महिनाभर आधी गल्लीच्या तोंडाशी कामाला सुरुवात होते. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात पेंढा, वरून गोणपाट, मग कागद आणि कापड. चेहऱ्यावर सर्वाधिक वेळ जातो. भुवईचा बाक, डोळ्यांतली लाली, मुकुटावरची नक्षी, गळ्यातले हार हे सगळं रात्र-रात्र जागून होतं. कलाशाळेतली मुलं, शिवणकाम करणारे, वेल्डर, रंगारी, दुकानदार सगळे राबतात. हिंदू पोरांबरोबर मुसलमान आणि शीख कारागीर या समित्यांत असतात. राक्षसाचं नाक कुणी घडवलं हे गल्लीला माहीत असतं आणि त्याचा तिला अभिमान असतो. दसऱ्याच्या संध्याकाळी हे पुतळे माल रोडवरून आणि बाजारातून मिरवत मैदानावर जातात, आणि ज्यांनी घडवले तेच मध्यरात्री ते पेटवतात.

या उत्सवामागे कुठलाही राजा नाही, दरबार नाही. बाजबहादूराच्या काळी कलावंत राजाच्या पदरी होते. अमानत हुसैन यांच्या काळी शागिर्दांच्या घरी. देवीदत्त जोशींनी अधिकाऱ्याचं वजन वापरलं. उदय शंकरांनी परदेशी देणग्यांवर केंद्र उभं केलं. दसऱ्याचे पुतळे मात्र वर्गणीवर आणि रात्रीच्या जागरणावर उभे राहतात. अधिकार जसजसा खाली उतरत गेला, तसतसा सणात वाटेकऱ्यांचा गोतावळा वाढला. अल्मोड्याच्या मिश्र परंपरेचं वाढीचं सूत्र मला यात दिसतं. कोण कोणाला खपवून घेतो यावर ती वाढली नाही. कोण कोणाबरोबर तालमीला बसतो यावर ती वाढली.

आज डोंगर रिकामे होत आहेत. नोकरीसाठी तरुण हल्द्वानीला, दिल्लीला, त्याहून लांब जातात. जुन्या होल्यारांच्या जागी नव्या पिढीतले होल्यार कमी येतात. तरी दिल्लीच्या आणि लखनौच्या वसाहतींत पौषातल्या रविवारी सतरंजी अंथरली जाते. रामलीलेत, जिथं पूर्वी सीताही मुलगाच व्हायचा, तिथं आता मुली उभ्या राहून गातात, आणि काही ठिकाणी रामाची भूमिकाही त्याच करतात. परंपरा बाटली म्हणून ओरडणाऱ्यांनी अल्मोड्याचा इतिहास जरूर वाचावा. नगारा मोगलांकडून आला, देवी गढवालातून, ठुमरी रामपूरहून, नाटकाच्या चाली मुंबईच्या पारशी कंपन्यांकडून, छायापडदा एका बंगाली नर्तकाकडून. यातलं एकेक वजा करत गेलं तर अस्सल कुमाऊंनी म्हणून काय शिल्लक राहील? शिल्लक राहील ती घेण्याची आणि रुजवण्याची सवय. ती सवय जपायची असेल तर तिचा पुढचा टप्पा समोर आहे. वैऱ्याच्या देवीला लेक मानणाऱ्या शहरानं आपल्या ढोलवाल्याला, आपल्या टम्ट्याला, आपल्या मुलीला बैठकीच्या मधोमध बसवावं, आणि ओळ त्यांच्याकडे आली की ती त्यांना मनासारखी गाऊ द्यावी.